फळेवाले बाबासो

कोल्हापुरात मत फुकट मिळतं. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचं दूध प्यायला उभं राहावं, पेला अर्धा होतो न होतो तोच शेजारचा अनोळखी माणूस 'काय पावणं' म्हणून सुरुवात करतो आणि अमेरिकेचं कुठं चुकलं इथपासून चंद्रावर पाणी लागलं तर ते कुणाच्या पाटाला सोडायचं इथपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. त्याला नाव विचारलं तर मात्र तो हसतो आणि गाडीला किक मारतो. मत द्यायचं, ते लिहून द्यायचं, खाली स्वतःचं नाव घालायचं आणि मग दिवसभर त्याच्याच शेजारून भाजीची पिशवी घेऊन ये-जा करायची, एवढी छाती फार थोड्यांची. बाबासो कुरणे त्या थोड्यांतले.

सिद्धार्थनगरात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर जयंतीच्या मिरवणुकीची वेळ, कुणी गेलं तर जलदानविधीचा दिवस, उद्या नळाला पाणी येणार नाही, असलं काहीबाही लिहिलेलं असायचं. बाबासोंचं अक्षर चांगलं, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं. सूचना दोन ओळींत संपायची आणि खाली हातभर फळा मोकळा राहायचा. मोकळी जागा बघवत नाही असा त्यांचा स्वभाव. त्या जागेत त्यांनी एकदा लिहिलं, 'ग्रहणात जेवल्याने पोट भरते. याहून वेगळे काही घडल्यास कळवावे. बा. कुरणे.' गल्ली हसली, दोन म्हाताऱ्या रागावल्या आणि बाबासोंना जन्माचं काम सापडलं.

पोटापाण्याला ते एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. भिंगं पुसायची, लंबक टांगायचे, तारा जोडून ठेवायच्या आणि प्राध्यापक शिकवत असताना मागं उभं राहायचं. प्राध्यापक बदलत गेले, प्रयोग तेच राहिले. वर्षानुवर्षं तेच ऐकून कुणी कंटाळला असता. बाबासोंना उलट त्याचा लळा लागला. कुणीही टांगला, कुठल्याही जातीच्या पोरानं टांगला, तरी लंबक आपला तेवढाच वेळ घेतो, याचं त्यांना आयुष्यभर कौतुक वाटत आलं. ते कौतुक मग फळ्यावर उतरायचं. यान चंद्रावर उतरलं त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'यान चंद्रावर पोहोचले. आपण मांजर आडवे गेले की अजून थांबतो. मांजरालाही कामे असतात.' नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना त्यांनी ब्रेक तपासायचा सल्ला दिला. यंत्रं माणसासारखी बोलायला लागली तेव्हा त्यांनी लिहिलं की आता माणसांनी यंत्रासारखं बोलणं सोडावं, म्हणजे ओळख पटेल.

लोक थांबून वाचायचे, वाद घालायचे, पण विश्वास ठेवायचे. त्याला कारण पूर. पंचगंगा पात्र सोडून शहरात शिरली त्या वर्षी, वरचं धरण फुटलं अशी आवई उठली आणि लोक लेकरंबाळं घेऊन रस्त्यावर आले. बाबासो गुडघाभर पाण्यातून पुलाकडं गेले, पाण्याची खूण स्वतः बघून आले आणि फळ्यावर लिहिलं की धरण शाबूत आहे, पाणी एवढं एवढं आहे, घरी जाऊन झोपा. दर थोड्या वेळानं ते जायचे, बघायचे, यायचे, आकडा पुसून नवा लिहायचे. तेव्हापासून गल्लीत एखादी गोष्ट खरी की खोटी असं झालं, की 'फळ्यावर आलंय काय?' हा शेवटचा सवाल असायचा. माणसाला याहून मोठी पदवी कुठल्या विद्यापीठात मिळत असेल असं मला वाटत नाही.

फक्त एकदा त्यांना माघार घ्यावी लागली. मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, की छातीत धडधडायला लागणं ही भक्ती नव्हे, तो हृदयावरचा ताण आहे. लिहिलं ते बरोबर होतं आणि म्हणूनच झोंबलं. शेजारच्या पेठेतली दांडगी पोरं दारात येऊन उभी राहिली. बायको तेव्हा होती, आजारी होती. दुसऱ्या दिवशी बाबासोंनी आपल्या हातानं ते पुसलं आणि 'दिलगीर आहे' असं लिहिलं. मनाला फार लागलं त्यांच्या. वारणानगरला थोरल्या बहिणीकडं जाऊन त्यांनी मन मोकळं केलं. म्हणाले, आक्का, पहिलं लिहिलेलं तेच खरं धर, दुसरं दमदाटीनं लिहिलंय.

ही बहीण म्हणजे मीनाबाई. आईबाप दोघंही दुसऱ्याच्या रानात राबायचे, तेव्हा बाबासोंना कडेवर घेऊन फिरणारी ती. चौथीत तिची शाळा सुटली ती यांचं दप्तर सुटू नये म्हणून. पुढं लग्न होऊन साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीत गेली, तिथंच संसार केला, तिथंच नवरा गेला. आता मुलगा बाहेरगावी नोकरीला आणि घरी सून संघप्रिया, तिथल्याच डेअरीच्या ऑफिसात कामाला. भावाचं लिहिलेलं वाचायचं म्हणून मीनाबाई उतारवयात पुन्हा अक्षरं जुळवायला बसली होती. बाबासोंचा मुलगा प्रसेनजीत डिजिटल फलकांचं डिझाइन करतो, त्यानं रोज सकाळी फळ्याचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवायला सुरुवात केली. मीनाबाई तो फोटो दोन बोटांनी मोठा करायची, वसाहतीतल्या बायकांना पायरीवर बसवायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. शेवटी 'बा. कुरणे' आलं की 'माझा भाऊ' असं प्रत्येक वेळी सांगायची, जसं काही त्या बायकांना ते माहीत नव्हतं. तिथून तो फोटो पुढं कुठं कुठं जायचा याचा पत्ता कुणालाच नव्हता. बाबासोंना मनातून आनंद व्हायचा. गल्लीचा फळा जिल्हाभर वाचला जातोय म्हटल्यावर कुणाला होणार नाही?

मीनाबाईच्या हृदयाची एक झडप बदललेली होती. धातूची झडप. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी तिला जन्मभर घ्यायची होती, आणि महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायला कोल्हापूरला यायचं होतं. ती या गोळीला विटली होती. जरा कुठं दार लागलं की दंड काळानिळा व्हायचा. मेथी, पोकळा, चाकवत बेतानंच खा असं सांगितलेलं, आणि तिचा जीव तर पालेभाजीत. तरी ती गोळी घ्यायची, कारण बाबासोंनी एकदा फळ्यावर झडपेचं चित्र काढून ती कशी चालते ते समजावलं होतं. डॉक्टरांनी सांगून जे झालं नव्हतं ते खडूनं झालं.

आणि मग एके दिवशी एक फोटो आला. फळा तोच, डाव्या कोपऱ्यातला तडा तोच, अक्षर तेच, 'र' ची शेपटी लांब ओढायची सवयसुद्धा तीच. लिहिलं होतं, 'रक्त पातळ करण्याच्या गोळ्या हा औषध कंपन्यांचा धंदा आहे!! शेवग्याच्या सालीचा काढा घ्या, हृदय आपोआप मोकळे होते. बा. कुरणे.' बाबासोंनी जन्मात कधी उद्गारचिन्ह वापरलं नव्हतं. पण ते कोण बघतो?

त्यांना तो फोटो दाखवला दूध घेऊन येणाऱ्या माणसानं, तोही कौतुकानं. बाबासो चष्मा काढून, पुसून, परत लावून बघत राहिले. अक्षर आपलंच. प्रसेनजीतनं सांगितलं की हल्ली अशा तसबिरी यंत्राकडून करून घेता येतात, जुने फोटो दिले की ते अक्षराचं वळण उचलतं, पाच मिनिटांचं काम आहे. कुणी केलं असेल? काढा विकणाऱ्यानं, टवाळी करणाऱ्यानं, की कुठंतरी लांब बसलेल्या भलत्याच कुणी? पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं की असे रोज येतात, शोधायला वेळ लागेल. बाबासोंच्या मनात आलं, पूर्वी खोटं बोलायचं तर माणसाला निदान आपलं तोंड घेऊन समोर यावं लागायचं. डॉल्बीवाली पोरं दारात तरी आली होती. त्यांच्या डोळ्यात बघता आलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं की तो फोटो खोटा आहे, मी तसं काही लिहिलेलं नाही, कुणीही गोळी बंद करू नये. प्रसेनजीतनं त्याचा फोटो सगळीकडे पाठवला. पण खुलासा वाचायला कुणाला चव असते? काढ्याचा फोटो मलकापूरपासून पन्हाळ्यापर्यंत फिरत राहिला. बाबासोंचा खुलासा दोन दिवसांत गल्लीतच थंड झाला. त्यांनी तो पुसू दिला नाही, पाण्याची सूचनासुद्धा खाली खडूनं बारीक लिहिली. लोक सवयीनं बघायचे आणि पुढं जायचे.

संघप्रियाचा फोन आला तेव्हा ऊस तोडणीचा हंगाम सुरू झालेला होता. ती सहसा घाबरणारी पोरगी नव्हे. म्हणाली, मामा, आत्ता या. सकाळी भाकरी थापताना आत्यांच्या बोटांतली ताकद अचानक गेली, बोलणं बोबडं झालं, तोंड जरा वाकडं झालं. घटकाभरात सगळं परत जागेवर आलं म्हणून त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. आणि मामा, गोळ्यांची पाकिटं मी आत्ता बघितली, दिवाळीपासूनची तशीच आहेत. त्या काढा पितात.

बाबासो धावत पळत गेले. बहिणीला हाताला धरून कोल्हापूरला आणली. डॉक्टरांनी तपासलं आणि बाबासोंना बाजूला घेऊन सांगितलं की ही गुठळीची पहिली खूण, नशीब म्हणून ती विरघळली. दुसरी येईल ती अशी विरघळणार नाही. एक तर लुळं पाडेल, नाही तर नेईल. गोळी आजच्या आज सुरू करा, तपासणी चुकवू नका. आणि तो काढा बंद करा, त्यानं चांगलं तर काही होत नाहीच. मीनाबाईनं सगळं ऐकलं, डॉक्टरांपुढं मान हलवली आणि वारणानगरला घरी येऊन गोळी फडताळात ठेवून दिली.

तेव्हा बहीणभावांचं जे बोलणं झालं ते बाबासो जन्मात विसरणार नाहीत. त्यांनी तिच्या पुढ्यात बसून सांगितलं की आक्का, तो फोटो बनावट आहे, मी लिहिलेलं नाही. मीनाबाईनं फोन काढला, फोटो मोठा केला आणि त्यांच्यापुढं धरला.

"हे अक्षर तुझं न्हाय व्हय?"

"अक्षर माझं हाय. लिवलेलं मी न्हाय."

"म्हंजे काय, अक्षर एकटंच उठून लिवाय गेलतं?"

त्यांनी यंत्राचं सगळं समजावून सांगितलं. मीनाबाई मन लावून ऐकत होती, लहानपणी त्यांच्या शाळेतल्या गमती ऐकायची तशी. मग तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबू, मला येडी समजू नगंस. त्या डॉल्बीच्या टायमाला बी असंच झालतं. आधी खरं लिवलंस, मग दमदाटी झाली तवा दुसरं लिवलंस. तूच मला सांगितलतंस की, आक्का, पयलं खरं धर."

"ते येगळं होतं."

"काय येगळं? तवा पोरं आलती, आता औषधवालं आलं असतील. तुला पोरगं हाय, घर हाय, तू भिणारच. तू कर खुलासा, माझं काय म्हणणं न्हाय. मला खरं काय ते कळलंय."

तिचं म्हणणं खोडून काढायला बाबासोंकडं एकच गोष्ट होती, त्यांचा शब्द. आणि तिच्या बाजूनंही त्यांचाच शब्द उभा होता. वर तिचा विश्वास एवढा, की भाऊ स्वतः येऊन 'मी लिहिलेलं नाही' म्हणाला तरी ती त्याला त्याच्यापासून वाचवायला बसलेली. रागावणार कुणावर? त्यांनी हात जोडले, शपथ घातली, आईचं नाव काढलं. ती म्हणाली, रडू नगंस, मला बरं वाटतंय, कवाधरनं मेथी खाल्ली नव्हती ती खाल्ली.

पुढचे दिवस सगळ्यांनी आपापल्या परीनं डोकं लढवलं. संघप्रियानं गोळी कुटून आमटीत घालायचा प्रयत्न केला. मीनाबाईला तो पहिल्याच घासाला कळला आणि तिनं सुनेच्या हातचं खायचंच बंद केलं, स्वतःची चूल वेगळी मांडली. मुलगा फोनवर ओरडला, तर त्यालाही कंपनीवाल्यांनी फितवलंय असं ठरलं. डॉक्टरांचा फोन जोडून दिला, तर त्यांचं बोलणं ऐकून घेऊन तिनं त्यांनाच शेवग्याची साल कशी उकळायची ते सांगितलं. एकदा परत बोटांना मुंग्या आल्या. ते तिनं लपवलं, पण हातातला तांब्या पडलेला संघप्रियानं बघितला.

प्रसेनजीतनं विषय काढला तो रविवार होता. तो जेवता जेवता खाली मान घालून म्हणाला, "बाबा, आत्या तुमचं ऐकणार न्हाय. फळ्याचं ऐकंल."

बाबासोंना तो काय म्हणतोय ते लगेच कळलं, तरी त्यांनी न कळल्यासारखं केलं. प्रसेनजीतनं पुढं सांगितलं. खुलासा नको. काढा खोटा असं म्हणायचंच नाही. काढ्याबरोबर गोळीही घ्या, एवढंच फळ्यावर यायला हवं. पाहिजे तर मी कॉम्प्युटरवर करतो, तुम्हाला खडूसुद्धा हातात घ्यायला नको, फक्त आत्याला पाठवू. बाबासोंनी ताट सरकवलं आणि उठून गेले. आपल्या अक्षरात खोटं लिहिणाऱ्याच्या नावानं त्यांनी बोटं मोडली होती, आणि आता तेच काम घरात, पोटच्या पोरानं, आपल्याच भल्यासाठी करायचं म्हणे.

ते रंकाळ्यावर जाऊन बसले. माणसं चालत होती, भेळ खात होती, प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक फोनमध्ये कुणीतरी कुणाला काहीतरी छातीठोकपणे सांगत होतं. या सगळ्यांना आपण काय शिकवलं? बाबासो स्वतःला विचारत होते. आपण म्हणायचो, तपासून बघा. पण लोक तपासत नव्हते, ते आपल्यावर विश्वास ठेवत होते. अक्षर ओळखीचं, नाव ओळखीचं, म्हणजे खरं. गंडेदोरे देणाऱ्यावर जसा ठेवतात तसाच. लंबक कुणीही टांगला तरी तेवढाच वेळ घेतो हे आपण आपल्या सख्ख्या बहिणीलासुद्धा पटवलं नाही, तिला फक्त आपलं नाव पटलं. हे कळून उपयोग काही नव्हता. इकडं तिची बोटं बधिर होत होती.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला ते प्रसेनजीतला घेऊन फळ्यापाशी गेले. यंत्रानं नको, असं त्यांनी बजावलं. खोटं लिहायचंच तर माझ्या हातानं लिहीन. एवढा एक हट्ट त्यांनी राखला, त्यानं काय साधलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. प्रत्येक शब्दाशी त्यांनी मनात झटापट केली होती. शेवटी जुना खुलासा पुसून लिहिलं, 'ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे त्यांनी डॉक्टरांची गोळी रोज घ्यावी. गोळीशिवाय काढा लागू पडत नाही. बा. कुरणे.' गोळीशिवाय काढा लागू पडत नाही हे तर खरंच होतं. गोळीबरोबरही पडत नाही, हे दुसरं अर्धं त्यांनी लिहिलं नाही. प्रसेनजीतनं फोटो घेतला. त्यांनी लगेच फळा पुसला, ओल्या फडक्यानं दोनदा पुसला, आणि भिजलेल्या फळ्याकडं न बघता घरी आले.

दुपारी संघप्रियाचा फोन आला. ती रडत होती आणि हसत होती. आत्यांनी फोटो वाचला, देवघरातल्या बुद्धमूर्तीला हात जोडले आणि स्वतः उठून फडताळातली गोळी घेतली. तपासणीला उद्याच जाऊया म्हणाल्या. बाबासोंनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायला पाहिजे. बहीण वाचली तर आणखी काय हवं?

पण फोटो मीनाबाईपाशी राहणार थोडाच. तिनं तो पायरीवर वाचून दाखवला, मग सगळ्यांना पाठवून दिला. महिना व्हायच्या आत लोक बाबासोंना रस्त्यात थांबवून विचारू लागले, काढा सकाळी घ्यायचा की रात्री? आता ते कसलं नाकारणार? पहिला फोटो बनावट होता, दुसरा नव्हता. त्यांनी जुना खुलासा परत फळ्यावर लिहायला घेतला तर तो वारणानगरला पोचणार आणि त्या दिवशी मीनाबाई गोळी थुंकणार. संघप्रिया हात जोडून म्हणाली होती, मामा, आता काढ्याच्या विरुद्ध एक अक्षर लिहू नका, गोळीबद्दलसुद्धा लिहू नका. बाबासोंनी लिहिणं थांबवलं नाही, नुसतं वळवलं. रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहू लागले, ताऱ्यांवर, पक्ष्यांवर. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीवर तर तीन दिवस लिहिलं. ज्या एका गोष्टीबद्दल सगळा जिल्हा त्यांना विचारत होता तेवढी सोडून सगळ्या जगाबद्दल ते मत देत राहिले.

मागच्या आठवड्यात ते बहिणीला बघायला गेले. वसाहतीच्या मागं शेवग्याचं झाड होतं, त्याची साल पुरुषभर उंचीपर्यंत सोललेली होती. मीनाबाई तब्येतीनं सुधारली होती. तपासणी व्यवस्थित येत होती, बोलणं खणखणीत होतं. तिनं भावासाठी पोहे केले आणि वर दोन पेले भरून तो तपकिरी, कडसर वास येणारा काढा आणून ठेवला. एक त्याच्यापुढं, एक आपल्यापुढं. मग डबीतून गोळी काढून तळहातावर घेतली.

तेवढ्यात शेजारच्या कालिंदीवैनी दारात आल्या. त्यांचे यजमान कारखान्यात होते, त्यांना स्वतःला रक्तदाबाचा आजार होता, आणि मागं व्हरांड्यात आणखी दोघीतिघी बायका उभ्या होत्या. पाहुणा कोण आलाय ते सगळ्यांना कळलं होतं.

"दादा, तुमास्नी इचारीन इचारीन म्हणत हुतो," कालिंदीवैनी म्हणाल्या. "मी बी काढा सुरू केलाय. पर लेक म्हणतोय, असल्या काढ्यात काय तथ्य न्हाय, उगं मूत्रपिंडाला तरास हुईल. तुमी सांगा. घिऊ का नको?"

बाबासोंच्या तोंडात शब्द आला होता. नको. दोन अक्षरं. ते त्यांनी आयुष्यभर ग्रहणाला, गंडेदोऱ्याला, लिंबू-मिरचीला, सगळ्यांना न घाबरता सांगितलं होतं. ही बाई दारात उभी राहून समक्ष विचारत होती, तपासून बघत होती, ते ज्याची वाट बघत आले तेच करत होती. त्यांनी बहिणीकडं बघितलं. मीनाबाईचा हात तसाच थांबला होता. गोळी तळहातावर होती, आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"गोळी सोडू नगासा, वैनी," ते म्हणाले. "बीपीची गोळी रोज घ्या."

"ते घेतोच की. काढ्याचं सांगा."

बाबासोंनी पुढ्यातला पेला उचलला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"घ्या," ते म्हणाले आणि प्यायले.

मीनाबाईनं गोळी तोंडात टाकली, वरून काढ्याचा घोट घेतला आणि 'बघा, सांगत न्हवतो?' अशा नजरेनं बायकांकडं पाहिलं. कालिंदीवैनींचा चेहरा मोकळा झाला. त्या व्हरांड्यात गेल्या आणि तिथं थांबलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं की आता फोटोबिटोची गरज न्हाय, खुद्द फळेवाल्या दादांनी सोताच्या तोंडानं सांगितलंय. आत बाबासो पेल्याच्या तळाशी राहिलेली साल बघत बसले होते. बहीण म्हणाली, सगळं संपव, वाया घालवू नगंस.